सावकाश धावणारा सोनिक

१९९२ साली मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअर कंपनीने निन्टेंडोच्या आठ-बिट कन्सोलसाठी क्रिकेटचा एक व्हिडिओ गेम केला. नाव अगदी सरळ, 'इंटरनॅशनल क्रिकेट'. जपानात आणि अमेरिकेत क्रिकेटला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ही कॅसेट जगात फक्त ऑस्ट्रेलियात विकायला आली. त्याच्या आदल्या वर्षी याच कंपनीचा 'ऑझी रूल्स फूटी' आला होता. ऑस्ट्रेलियातल्या मुलांनी घरच्या टीव्हीवर खेळावेत म्हणून केलेले हे खेळ. ते टीव्ही आता घरोघर राहिले नाहीत. कॅसेट मिळते, कन्सोल मिळतो, दोन्ही अजून चालूही होतात. अडतं ते पुढे. दाखवायचं कशावर?

नव्या टीव्हीच्या पाठीमागे डोकावून बघा. एचडीएमआयची तीन-चार भोकं, अँटेनाचं एक, यूएसबीचं एक. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची जागा बऱ्याच मॉडेलांवरून गेलीच. काहींवर ती तिन्ही मिळून हेडफोनएवढ्या एका भोकात कोंबलेली असतात. बरं, जोडणी जमली तरी पडद्यावर जे उमटतं ते पाहून चाळिशीतली माणसं हिरमुसतात. रंग विटलेले, कडा पुसट, अक्षरं थरथरतात, आणि बटण दाबल्यावर उडी मारायची की नाही याचा मारिओ क्षणभर विचार करतो. लहानपणी आपण हे खेळत होतो?

जुने कन्सोल नव्या टीव्हीला जोडणाऱ्या मेलबर्नमधल्या छंदिष्टांच्या नादाला मी लागलो तो कॅम्बरवेलच्या बाजारामुळे. बर्क रोडच्या दुकानांमागच्या कार-पार्कात दर रविवारी सकाळी जुना बाजार भरतो. रोटरी क्लब तो १९७६ पासून चालवतो. जुन्या सायकली, चिनी मातीच्या बशा, कुणाच्या तरी आजोबांची हत्यारं, आणि त्यातच एखाद्या खोक्यात वायरींच्या गुंत्याखाली सेगाचा काळा मेगा ड्राइव्ह. विकणाऱ्याला मी विचारलं, चालतो का? तो म्हणाला, "चालतो की! फक्त माझ्याकडे त्याला लावायला टीव्ही नाही." मग चालतो हे याला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. अशा बाजारात असले प्रश्न विचारायचे नसतात.

या बाजारात नेहमी भेटणारी मंडळी दोन प्रकारची आहेत. एकांना खेळायचं असतं. दुसऱ्यांना जोडायचं असतं; खेळ सुरू झाला की त्यांचं काम संपलं. हे दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त बोलतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखंही जास्त असतं.

त्यांच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट अशी की जुन्या कन्सोलचं चित्र कन्सोलमध्ये पुरं व्हायचंच नाही. ते टीव्हीच्या काचेवर पुरं व्हायचं. ऑस्ट्रेलियात आणि भारतात चालणाऱ्या पॅल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी असत. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशी सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं यायची आणि डोळा ती जुळवून घ्यायचा. कन्सोलवाल्यांनी यात चलाखी केली. दर खेपेला त्याच ओळींवर चित्र काढायचं, मधल्या ओळी कोऱ्या सोडून द्यायच्या. ओळी निम्म्या झाल्या, पण चित्राची थरथर गेली आणि हालचाल सलग झाली. अमेरिकी-जपानी पद्धतीत अशा साधारण २४० ओळी, पॅलमध्ये २८८. काचेच्या टीव्हीला यातलं काही कळण्याची गरजच नव्हती. सिग्नल सांगेल तिथे इलेक्ट्रॉनचा झोत जायचा.

नवा टीव्ही हुशार असतो आणि तिथेच घोटाळा होतो. आलेला सिग्नल पाहून तो समजतो की हे जुन्या पद्धतीचं अर्धंअर्धं चित्र आहे, आपण जुळवून देऊ. जुळवण्यासारखं काही नसताना तो जुळवत बसतो. कित्येक खेळांत मार लागलेलं पात्र एका फ्रेमला दिसतं, पुढच्या फ्रेमला दिसत नाही, म्हणजे ते लुकलुकतं. नवा टीव्ही दोन फ्रेम एकत्र करतो आणि ते पात्र एक तर पट्ट्यापट्ट्यांचं होतं किंवा सरळ गायब होतं. या सगळ्या कारभाराला वेळ लागतो. टीव्हीने चित्र सजवण्यात १०० मिलिसेकंद घेतले, तर पन्नासच्या गतीने पाच फ्रेम निघून गेल्या. बातम्या बघताना हे जाणवत नाही. खड्ड्याच्या काठावर उडी मारताना जीव जातो.

पिवळ्या वायरीचं दुखणं आणखी वेगळं. तिच्यात चित्राचा उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात. डब्यात वरण, भात आणि लोणचं कालवून पाठवायचं आणि पोचल्यावर वेगवेगळं वाढायला सांगायचं, तशातला प्रकार. पण गंमत अशी की काही चित्रकारांनी हा काला गृहीत धरून चित्रं काढली होती. सेगाच्या सोनिक या खेळाच्या पहिल्याच टप्प्यात, ग्रीन हिल झोनमध्ये, धबधबे आहेत. मेगा ड्राइव्हला पारदर्शक रंग काढता येत नव्हते, म्हणून चित्रकारांनी पाण्याच्या जागी एक सोडून एक उभ्या रेघा काढल्या. पिवळ्या वायरीत त्या रेघा एकमेकींत विरघळायच्या आणि पाण्याआडचा डोंगर दिसायचा. आज तोच खेळ उत्तम वायरीने, अगदी लख्ख जोडून पाहिला तर धबधब्याच्या जागी बांबूचा पडदा दिसतो. तंत्र जितकं चोख, तितकं पाणी कमी. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वायर बदलून दोन-तीनदा खात्री करून घेतली.

ही अडचण जगभराची. ऑस्ट्रेलियासारख्या पॅल देशांची जी खास अडचण आहे ती वेगाची.

ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही १ मार्च १९७५ला आला. आपल्याकडे १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी. दोन्ही देशांनी पॅल पद्धत घेतली. घरातली वीजही दोन्हीकडे ५० हर्ट्झची. जपान-अमेरिकेचा टीव्ही मात्र ६०चा. खेळ बहुतेक जपानात लिहिले जायचे आणि त्यांचं सगळं गणित फ्रेमवर चालायचं: दर फ्रेमला इतके ठिपके पुढे, दर इतक्या फ्रेमला पुढचा सूर. हा खेळ उचलून पन्नासच्या देशात आणला की सेकंदाला दहा फ्रेम कमी मिळायच्या. प्रोसेसरचा वेग जवळपास तोच. पॅल मेगा ड्राइव्हचा ७.६० मेगाहर्ट्झ, अमेरिकी यंत्राचा ७.६७. पण खेळ फ्रेमची वाट बघत बसायचा. साठ सेकंदांत संपणारी धाव बहात्तर सेकंद घ्यायची, संगीत रेंगाळायचं. शिवाय पॅलमध्ये ओळी जास्त आणि खेळाचं चित्र तेवढंच, म्हणून वरखाली काळे पट्टे, आणि मधला सोनिक किंचित चेपलेला, बुटका.

गती हाच ज्याचा सगळा रुबाब, तो सोनिक एका अख्ख्या पिढीने इथे सुमारे १७ टक्के हळू पाहिला. कुणाला पत्ता नव्हता. तुलनेला दुसरा सोनिक होताच कुठे?

टार्निटला माझा एक स्नेही राहतो. लहानपणीच आईवडिलांबरोबर नाशिकहून मेलबर्नला आला. मेगा ड्राइव्ह हे त्याच्या नव्या देशातल्या पहिल्या उन्हाळ्याचं वेड. त्याने गॅरेजमधून तो जुना कन्सोल काढला, टीव्हीला जोडला आणि चौदा वर्षांच्या मुलाला हाक मारली. मुलगा हा खेळ फोनवर खेळलेला, म्हणजे साठच्या गतीचा. पाचेक मिनिटं खेळून त्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, ह्याला बरं नाहीये का?"

"असाच असतो तो," बाप म्हणाला.

"नाही बाबा. गाणं पण झोपेत म्हटल्यासारखं वाटतंय."

बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याची बाजू घ्यावी म्हणून मी सांगितलं की आपल्याकडे नव्वदच्या दशकात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जे कन्सोल घरोघर आले, तेही पॅल टीव्हीसाठीच होते. ओनिडा-बीपीएलवर आपण जो कॉन्ट्रा संपवला तोही बहुधा पन्नासच्याच चालीचा. त्याने मुलाचं समाधान झालं नाही. बापाचं थोडं झालं.

याच्यावर इलाज आहे. मेगा ड्राइव्हच्या मदरबोर्डवर वेग ठरवणारी एक छोटी जोडणी असते. ती तोडून तिथे खटक्याचं बटण डकवलं की पन्नासचं यंत्र साठचं होतं. पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये हे काम करणारे एक गृहस्थ आहेत. पूर्वी टीव्ही मेकॅनिक होते, आता निवृत्त. त्यांच्या टेबलावर मी हे काम जवळून पाहिलं. कन्सोलचं वरचं झाकण निघालं, आतली धातूची जाळी निघाली, खाली तीस वर्षांची धूळ आणि एक मेलेलं झुरळ. ब्रशने धूळ झटकून त्यांनी भिंगाखाली तांब्याची एक रेघ पातीने खरवडून तोडली. केसासारख्या बारीक तीन तारा डाखल्या आणि मागच्या बाजूला भोक पाडून खटका बसवला. खेळ चालू असतानाच खटका इकडून तिकडे केला. पडद्यावर चित्र उसळलं, काळे पट्टे गेले, सोनिक उंच झाला आणि गाणं एकदम दौडायला लागलं. "हे ऐकून काही गिऱ्हाइकं रडतात," ते म्हणाले, "आणि काही म्हणतात, परत होतं तसं करून द्या."

त्यांच्याकडून वायरींचा एक मोठा धडाही मिळाला. युरोपात पॅलबरोबर स्कार्ट नावाचं रुंद, एकवीस पायांचं कनेक्टर घरोघर आलं. मूळ फ्रान्सचं. त्यातून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगळे जायचे, म्हणजे काल्याचा प्रश्नच नाही. ऑस्ट्रेलियाने पॅल घेतलं, पण स्कार्ट इथे रुजलं नाही. काही युरोपी टीव्हींवर ते असे, एवढंच. त्यामुळे मेगा ड्राइव्ह पाठीमागच्या गोल सॉकेटमधून तिन्ही रंग वेगळे द्यायला पहिल्या दिवसापासून तयार, आणि घेणारा टीव्ही घरात नाही. स्टिरिओ आवाज तर पहिल्या मॉडेलमध्ये मागून मिळतच नाही, तो समोरच्या हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे अमिगा संगणकासाठी घेतलेला कमोडोर १०८४ मॉनिटर होता, ती मुलं भाग्यवान. बाकीचे पिवळ्या वायरीवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे अँटेनाच्या वायरीवर वाढले.

आज छंदिष्ट स्कार्टच्या वायरी युरोपातून मागवतात, कारण चित्र सुधारणारी बहुतेक यंत्रं ते कनेक्टर घेतात. तिथेही खाचखळगे आहेत. पॅल सुपर निन्टेंडोच्या वायरीत रंगांच्या तारांवर ७५ ओमचे रेझिस्टर लागतात. अमेरिकी यंत्राच्या वायरीत त्या जागी कपॅसिटर. अमेरिकी वायर इथल्या यंत्राला लावली की चित्र भगभगीत होतं, पांढऱ्या ढगांत मारिओ हरवतो. निन्टेंडोच्या आठ-बिट यंत्राचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आहे, पण एसी. मेगा ड्राइव्हला डीसी लागतो. पिन बसली म्हणून लावून टाकला तर मेगा ड्राइव्ह गेला. मेकॅनिकसाहेबांच्या कपाटात अशा मृतांचा एक वेगळा कप्पाच आहे.

मग मधली पेटी. दुकानात वीसेक डॉलरला मिळणारी छोटी डबी पिवळी वायर घेते आणि एचडीएमआय देते. काम चालतं, पण टीव्हीची तीच चूक ती आधीच करून देते, म्हणजे दुखणं तसंच राहतं. खरं काम सुरू होतं ते या यंत्रांसाठीच लिहिलेल्या पेट्यांपासून. जपानच्या मायकॉमसॉफ्टची फ्रेममाइस्टर आधी आली. मग फिनलंडच्या मार्कस हिएनकारी यांनी ओएसएससी नावाचं यंत्र रचलं आणि त्याचे आराखडे सगळ्यांना मोकळे केले. त्याची युक्ती साधी आहे: चित्र साठवायचंच नाही. ओळ आली की तीच दोनदा, तीनदा, पाचदा पुढे पाठवायची. उशीर होतो तो काही ओळींचा, फ्रेमचा नाही. अमेरिकेच्या माइक ची यांच्या नंतरच्या रेट्रोटिंक पेट्या दुसऱ्या वाटेने जातात. त्या चित्र साठवतात, पण झटपट. त्यांची ४के पेटी २०२३च्या अखेरीस आली, तेव्हा किंमत होती साडेसातशे अमेरिकी डॉलर. कॅम्बरवेलच्या बाजारात तेवढ्यात कन्सोलचं पोतं भरेल. पण तिचं एक गणित मला आवडतं. २४०ला नऊने गुणलं की २१६० होतात, म्हणजे ४के पडद्याच्या ओळी, बरोब्बर. एका जुन्या ओळीच्या जागी नऊ नव्या ओळी, त्यातल्या काही मुद्दाम काळपट ठेवून जुन्या काचेचा पोतसुद्धा काढता येतो. फुल-एचडीवर हा भागाकार साडेचार येतो आणि मग कुठे तरी तडजोड करावी लागते.

ज्यांचा खिसा तेवढा मोठा नाही त्यांच्यासाठी जीबीएस-८२०० नावाचा चिनी बोर्ड आहे, मुळात आर्केड यंत्रांसाठी केलेला. त्यातलं कारखान्याचं डोकं गप्प करून वायफायच्या स्वस्त चिपवर लिहिलेलं फुकट सॉफ्टवेअर त्याला जोडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वाढलेल्या कुठल्याही माणसाला हा मार्ग जास्त पटेल. मला पटला.

इथे ऑस्ट्रेलियाचा एक फायदाही सांगायला हवा. इथलं प्रसारण अजून पन्नासचंच असल्याने इथे विकलेला टीव्ही एचडीएमआयवर ५० आणि ६० दोन्ही मुकाट्याने घेतो. संगणकाचे मॉनिटर मात्र पुष्कळदा पन्नासला नकार देतात. काळा पडदा आणि 'सिग्नल नाही'. पेटीने पन्नासचे साठ करून दिले तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि सरकणारं चित्र ठेचाळत जातं. त्यात पॅल मेगा ड्राइव्ह पन्नासही नेमके देत नाही, ४९.७ देतो. काचेच्या टीव्हीने असल्या बारीकसारीक गोष्टींवरून कधी कुरकुर केली नाही.

वेगाच्या या कटकटीतून सुटण्याचा दुसरा रस्ता म्हणजे खेळच परदेशातून आणायचा. त्यावरून या देशात एक खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च पातळीवर गेला. सिडनीत स्टीव्हन्स नावाचे गृहस्थ सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये मॉड-चिप बसवून देत. प्लेस्टेशन डिस्कवरचा प्रदेशाचा संकेत तपासत असे. जपानात किंवा अमेरिकेत विकत घेतलेली, पूर्ण पैसे मोजलेली डिस्कही इथल्या यंत्रात चालत नसे. चिप बसली की चालायची. अर्थात नकली डिस्कही चालायच्या, आणि सोनीने दावा लावला. २००२ साली स्टीव्हन्स जिंकले, २००३ साली अपिलात सोनी जिंकली, आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एकमताने स्टीव्हन्स यांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं असं की सोनीची ती तपासणी नक्कल करण्यापासून कुणाला थांबवत नाही. ती फक्त झालेली नक्कल चालू देत नाही, म्हणून कायद्याला अभिप्रेत असलेलं संरक्षण तिला मिळणार नाही. ग्राहकहिताचं काम पाहणारा आयोगही पहिल्या फेरीत कोर्टाला मदत करायला उभा राहिला होता, कारण प्रदेशाच्या कुलपाने गिऱ्हाइकाचं नुकसान होतं हे त्याला दिसत होतं. अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे २००६ साली कायदा कडक झाला, पण प्रदेश-संकेताच्या कुलपांना त्यातून वगळलं गेलं. जोडाजोडी करणाऱ्या मंडळींना या निकालाची तारीख तोंडपाठ असते.

आता काचेच्या टीव्हीबद्दल. ऑस्ट्रेलियाने अ‍ॅनालॉग प्रसारण टप्प्याटप्प्याने बंद केलं. सुरुवात ३० जून २०१० रोजी मिल्ड्युरापासून, शेवट १० डिसेंबर २०१३ रोजी मेलबर्नसह. सरकारने पेन्शनरांना सेट-टॉप बॉक्स बसवून दिले, पण बहुतेकांनी निमित्त साधून नवा चपटा टीव्ही घेतला. जुना गेला घरासमोरच्या हिरवळीच्या पट्टीवर. इथे नगरपालिका वर्षातून एक-दोनदा मोठा कचरा उचलते; त्या आठवड्यात रस्तोरस्ती टीव्ही पाठमोरे बसलेले असायचे. २०११च्या कायद्याखाली टीव्ही आणि संगणक फुकट जमा करून घेण्याची राष्ट्रीय योजना आली, आणि व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै २०१९ पासून कुठलाही ई-कचरा जमिनीत पुरायला बंदी केली. काचेत शिसं असतं, तेव्हा बंदी योग्यच. पण तेव्हा फुकट उचलून न्यायची विनवणी करणारे सोनीचे ट्रिनिट्रॉन टीव्ही आज लोक भाव करून घेतात.

आणि त्याआधी काही वर्षं, जग काच टाकायला लागलेलं असताना, आपल्या मराठवाड्यातून एक माणूस ती विकत घेत होता. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला; पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. चपटा पडदा भारतासारख्या देशांत यायला अजून पुष्कळ वेळ आहे, असा कंपनीचे मालक धूत यांचा हिशेब असणार. तो किती चुकला हे चितेगावच्या पैठण रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगायला नको. पण मेलबर्नमध्ये पन्नास किलोची ट्यूब दोघांनी कण्हत उचलताना मला नेहमी चितेगाव आठवतं. (ट्यूब उघडायची नाही. बंद केल्यावरही आत पंचवीस हजार व्होल्टची शिल्लक राहू शकते. मेकॅनिकसाहेब एक हात पाठीमागे ठेवूनच तिला हात लावतात.)

हा सगळा खटाटोप हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. फेडरेशन स्क्वेअरमधल्या ॲक्मी या संग्रहालयाने २०१२ साली 'गेम मास्टर्स' प्रदर्शन भरवलं, शंभराहून जास्त खेळ प्रत्यक्ष खेळायला ठेवून. मेलानी स्वॉलवेल यांच्या पुढाकाराने 'प्ले इट अगेन' या प्रकल्पात ऑस्ट्रेलियातले जुने खेळ शोधून चालते ठेवायचं काम हाती घेतलं गेलं. कॅनबेराच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१९ साली व्हिडिओ गेम जतन करायला घेतले. पहिल्या यादीत बीम सॉफ्टवेअरचे दोन खेळ होते, १९८२चा 'द हॉबिट' आणि १९९३चा 'शॅडोरन'.

चालतं ठेवायचं, पण कुठल्या वेगाने? सोनीने २०१८ साली 'प्लेस्टेशन क्लासिक' हे छोटं यंत्र काढलं, त्यात काही खेळ पन्नासच्या पॅल आवृत्तीतले घातले आणि साठच्या देशांतल्या लोकांनी तिला धारेवर धरलं. छंदिष्टांत आज सर्वमान्य मत असं की साठ म्हणजे अस्सल, पन्नास म्हणजे बिघाड. मला हे सरसकट मान्य नाही. शॅडोरन मेलबर्नमध्ये लिहिला गेला, पण अमेरिकी बाजारासाठी; अमेरिकेत तो डेटा ईस्टने काढला. म्हणजे तो मेलबर्नचा असूनही साठचा आहे, त्याला साठनेच चालवा. सोनिकही. पण 'इंटरनॅशनल क्रिकेट' साठच्या देशात कधी गेलाच नाही. तो पन्नासच्या टीव्हीवर जन्मला, तिथेच त्याचा बोलर धावत आला. त्याला साठवर चढवलं तर चेंडू लिहिणाऱ्याने ठरवला त्याहून लवकर बॅटवर येईल. प्लेस्टेशनवरच्या 'शेन वॉर्न क्रिकेट ९९'चंही तेच. इंग्लंडच्या कोडमास्टर्सचा हा खेळ तिकडे ब्रायन लाराच्या नावाने निघाला आणि इथे वॉर्नच्या. क्रिकेट खेळणारे जवळजवळ सगळे देश पन्नासचे, वेस्ट इंडीजमधली बेटं सोडून. लाराचं त्रिनिदाद साठचं आहे, म्हणजे ज्याच्या नावाने खेळ निघाला त्याच्याच घरच्या टीव्हीवर तो नीट चालण्याची खात्री नव्हती.

तेव्हा खटका असावा आणि तो दोन्हीकडे फिरवावा. कॅसेट बघून ठरवावं. टार्निटच्या स्नेह्याने आता तसा खटका बसवून घेतला आहे आणि घरात दोन पक्ष पडले आहेत. मुलगा साठवर खेळतो. बाप रात्री सगळे झोपल्यावर पन्नासवर.

एका गोष्टीपुढे मात्र या सगळ्या पेट्या हात टेकतात. निन्टेंडोची बंदूक. 'डक हंट'मध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. तो चौकोन ठरल्या क्षणी दिसला तर बदक पडलं. नवा टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो, तोवर खेळाने नेम चुकल्याचं जाहीर केलेलं असतं. शिवाय त्या डोळ्याला काचेवरच्या झोताची, सेकंदाला सुमारे पंधरा हजार ओळींची, लुकलुक लागते. एलसीडीच्या सलग उजेडाला तो उजेडच मानत नाही. साडेसातशे डॉलरची पेटीसुद्धा इथे कामाची नाही. कॅमेरा बसवलेल्या नव्या बंदुका निघाल्या आहेत, पण त्या संगणकावरच्या खेळांसाठी.

दिवाळीच्या फराळाला टार्निटला पंधरा-वीस माणसं जमणार आहेत, त्यांतल्या निम्म्यांना बदकं मारायची आहेत. वेरिबीला एका घरी २९ इंची काचेचा टीव्ही आहे, फुकट देतायत, अट एवढीच की आजच्या आज न्यायचा. स्नेह्याचा फोन आला तेव्हा तो तिथेच उभा होता. "दादा, ट्रेलर मिळालाय. पण हा मला आणि पोराला हलत नाही. येताना शेजारच्या दोघांना घेऊन या, आणि एखादी जुनी गादी."